ज्ञानचौपडीच्या पटावर ग्राफचा धडा

पर्युषणात खेळल्या जाणाऱ्या ज्ञानचौपडीच्या बहुतेक जैन पटांवर ८४ घरे असतात: सापाने अधोगती, शिडीने उन्नती आणि माथ्यावर सिद्धशिला. संगणकशास्त्र शिकणाऱ्याने हाच पट पुढ्यात घ्यावा. घर म्हणजे बिंदू, चाल म्हणजे बिंदू जोडणारी रेघ. संगणकशास्त्रात ग्राफ म्हणतात तो हाच. एका दानात गाठता येणाऱ्या घरांवर १ लिहावा, तेथून नव्याने गाठता येणाऱ्यांवर २. सापाच्या तोंडाशी वा शिडीच्या पायथ्याशी थांबता येत नाही. तेथला अंक दुसऱ्या टोकाला लिहावा. सिद्धशिलेवर पडेल तो अंक म्हणजे किमान दाने. दैवाचा खेळ असा हिशेबाचा होतो, आणि पाठ केलेला कोड विसरणाऱ्या मुलालाही ही रीत उमगते.

मात्र सर्व रेघा सारख्या नसतात. अंधेरीहून घाटकोपरला २०१४ पासून मेट्रो थेट नेते. लोकलने दादरला गाडी बदलावी लागते. या मार्गांचा पट कागदावर आखून रेघांवर एकदा मिनिटे लिहावीत, एकदा भाडे. वेळ वाचवावा की पैसा, हा प्रश्न व्यापाऱ्याच्या घरात नवा नाही. डाइक्स्ट्रा यांना १९५६ मध्ये सुचलेली रीत दोन्हींना लागू पडते: सर्वांत जवळचा बिंदू आधी पक्का करायचा, मग त्याच्यापुढच्या बिंदूंचे आकडे सुधारायचे.