सलाईनच्या बाटलीत ताकद असते का?

सोयाबीन काढणी, कापूस वेचणी सुरू झाली की गावोगावच्या दवाखान्यांत एकच वाक्य ऐकू येतं, "डॉक्टर, लई अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा." बाटली संपते, बरं वाटतं, चारपाचशे रुपये जातात आणि दुसऱ्या दिवशी बाई परत वेचणीला. पण त्या बाटलीत असतं काय?

साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं. ऊर्जा शून्य. दुसरी असते ग्लुकोजची, पाच टक्केवाली. तिच्या अर्ध्या लिटरात २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे १०० च्या आसपास कॅलरी. ज्वारीची एक भाकरी यापेक्षा जास्त देते. (शुगर असलेल्यांनी ही बाटली मागून तर अजिबात घेऊ नये.) मग बरं का वाटतं? उन्हात अंगातलं कमी झालेलं पाणी भरून निघतं आणि तास-दोन तास आडवं पडायला मिळतं. बायकांना घरी ते कुठं मिळतं!

जुलाब-उलट्यांनी पाणी आटलं, पोटात काही ठरत नसेल, तर सलाईन जीव वाचवते. तिथं वाद नाही.

आता ताकद येते कुठून ते बघा. भाकरी पचून तिचं ग्लुकोज होतं आणि रक्तातून पेशींत जातं. पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारक्या चुली असतात. तिथं ग्लुकोज ऑक्सिजनवर जळतं आणि त्यातून एटीपी तयार होतं. हात-पाय चालतात ते या एटीपीवर. ऑक्सिजन पुरेसा असेल तर ग्लुकोजच्या एका कणापासून ३० च्या आसपास एटीपी मिळतात, ऑक्सिजन नसेल तर फक्त २. चुलीत लाकडं ढीगभर, पण हवाच नाही, अशी गत.

हा ऑक्सिजन पेशीपर्यंत नेतं रक्तातलं हिमोग्लोबिन, आणि ते बनायला लोह लागतं. त्या चुलींच्या आतल्या यंत्रणेतही लोह असतंच. म्हणून पोटभर जेवूनही धाप लागते, पायात गोळे येतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे वेचणीला दहा जणी असतील तर त्यातल्या निम्म्या!

तेव्हा बाटलीआधी हिमोग्लोबिन तपासा. सरकारी आरोग्य केंद्रात पैसे लागत नाहीत. बाईचं १२ च्या खाली, गरोदर असेल तर ११ च्या खाली आलं तर रक्त कमी. ते ठीक निघालं तरी थकवा जात नसेल तर शुगर, थायरॉईड, टीबी बघायला लागतात.

बाजरी, मटकी, हरभरा, पालेभाजी, अळीव यांत लोह आहे, पण ते अंगी कमी लागतं. वर लिंबू पिळलं की जास्त लागतं. चहा मात्र ते अडवतो, आणि आपल्याकडं तर सकाळी चहातच भाकरी कुस्करतात! जेवण आणि चहात तासाभराचं अंतर ठेवा. मटण, कलेजीतलं लोह लवकर लागतं. गुळाचं नाव मोठं आहे, पण एका खड्यावर भागत नाही.

डॉक्टरांनी दिल्या तर लोहाच्या गोळ्याही सरकारी केंद्रात फुकट मिळतात. त्यांनी शौचाला काळी होते, घाबरून बंद करू नका. हिमोग्लोबिन वाढायला काही आठवडे जातात, आणि वाढल्यावरही दोन-तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात.