मांडी आणि पट्टा

देवदर्शनास अथवा लग्नकार्यास निघालेली मोटार दारापुढे उभी राहिली की आपल्या घरांतून एक गोड भांडण सुरू होते. घरातले सर्वांत धाकटे मूल कोणाच्या मांडीवर बसणार? आजी म्हणते माझ्या, आत्या म्हणते माझ्या, आणि आजोबा काही न बोलता पुढच्या आसनावर बसून दोन्ही हात पसरतात. या भांडणात ज्याचा जय होतो, त्याचा तो दिवस सोन्याचा. आम्हीही असा जय एकदा मिळविला होता. त्या जयाचीच ही हकीकत आहे. आणि ती सांगताना आम्हांस अभिमान वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमचा नातू अडीच वर्षांचा होता. वसंतपंचमीस त्याला बासरच्या ज्ञानसरस्वतीपुढे नेऊन त्याचा अक्षराभ्यास करवावा, असे घरात ठरले. गोदातीरीचे हे क्षेत्र २०१६ सालापर्यंत आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. जिल्ह्याची विभागणी झाल्यावर ते निर्मल जिल्ह्यात गेले. नकाशावरची रेघ सरकली, तरी आमच्याकडील तेलुगू आणि मराठी घरांतील कितीतरी मुलांचे पहिले अक्षर अजूनही तेथेच उमटते. चिरंजीव आणि सूनबाई हैदराबादेहून स्वतःच्या मोटारीने आले होते. मागील बाजूस त्यांनी मुलासाठी एक निराळे आसन पट्ट्याने घट्ट बसविलेले होते. आम्ही ते प्रथमच पाहिले. पाठीला, बगलांना, डोक्याला आधार, आणि खांद्यांवरून, कमरेवरून व मांड्यांच्या मधून येऊन एका बकलात अडकणारे पट्टे!

पहाटे निघावयाच्या वेळी आमची धाकटी बहीण येऊन उभी राहिली. नातवाची पाटी तिनेच आणली होती. तिला नको कसे म्हणावयाचे? मागे जागा पुरेना. आम्ही म्हणालो, "ते आसन काढून डिकीत टाका. लेकरू माझ्या मांडीवर बसेल."

सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, त्याला सीटमध्येच राहू द्या ना. पुढे निर्मलचा घाट आहे."

"अगं, देवीकडे निघालो आहोत. लेकराला असं कैद्यासारखं बांधून न्यायचं का?" आम्ही म्हणालो. वडीलधाऱ्यांपुढे ती गप्प राहिली. आसन डिकीत गेले आणि नातू आमच्या मांडीवर आला.

घाटाच्या अलीकडे एका वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. चिरंजिवांनी ब्रेक दाबला. गाडीचा वेग फार नव्हता. कोणावर आदळलोही नाही. शेळी एकही दगावली नाही. परंतु आमच्या दोन्ही हातांच्या मिठीतून ते मूल असे निसटले, की जणू मिठी नव्हतीच. समोरच्या डॅशबोर्डावर त्याचे कपाळ आपटले. क्षणभर ते रडलेही नाही, आणि तो क्षण आम्ही जन्मात विसरणार नाही. निर्मलला दवाखान्यात केसांच्या कडेशी टाके पडले. तरुण डॉक्टर आमच्याकडे न पाहता एवढेच म्हणाले, "गाडी थांबली; पोरगं थांबलं नाही." बासर त्या दिवशी राहिले. कोरी पाटी आत्याच्या पिशवीत तशीच परत आली. सूनबाई वाटेत एक शब्दही बोलली नाही. ती बोलली असती तर आम्हांस बरे वाटले असते.

आमचा विषय मराठी. परंतु डॉक्टरांचे ते वाक्य मनातून जाईना, म्हणून शाळेतील विज्ञानशिक्षकांना आम्ही त्याचा अर्थ विचारला. त्यांनी खडू घेऊन फळ्यावर गणित मांडले. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एखाद्या झाडावर आदळली, तर आत मोकळ्या बसलेल्या मुलाला बसणारा तडाखा सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून, खाली पडण्याएवढा असतो. गाडीचे नाक चेपून ती साठएक सेंटिमीटरांत थांबली असे धरले, तर बारा किलो वजनाचे मूल धरून ठेवण्यास जवळजवळ दोनशे किलोचा भार पेलण्याइतके बळ लागते. आमच्या जिनिंगमध्ये बांधली जाणारी रुईची गाठ १७० किलोची असते. ती कोणी एकट्याने मिठीत धरून दाखवावी! शिवाय मूल मांडीवर घेणाऱ्याने स्वतः पट्टा बांधलेला नसेल, तर त्याचा सारा देह पुढे फेकला जातो आणि मधल्या मध्ये चिरडले जाते ते मूलच. मग आम्हांस कळले, की त्या दिवशी आमचे प्रेम कमी पडले नव्हते. आमचे हात कमी पडले होते, आणि कोणाचेही हात कमीच पडले असते.

मुलाला मांडीवर घेण्याचा मोह केवळ आपल्याच लोकांना पडतो असे नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांनी मोठ्या चिकाटीने कायदा करवून घेतला, आणि १९७८ पासून तेथे लहान मुलांना मोटारीत विशेष आसनात बसविणे बंधनकारक झाले. त्या देशातील असा हा पहिलाच कायदा. परंतु लोकप्रतिनिधींनी त्यात एक पळवाट ठेवली: मूल वडीलधाऱ्याने हातांत धरले असेल तर चालेल! ही सवलत मुलांना चिरडणारी आहे, असे डॉक्टर सांगत राहिले आणि १९८१ साली ती रद्द झाली. आमची त्या पहाटेची चूक म्हणजे हीच पळवाट होती.

मुळात मोठ्या माणसांचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील निल्स बोलीन या अभियंत्याने सिद्ध केला, आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. परंतु तो पट्टा मोठ्यांच्या मापाचा. लहान मुलास तो गळ्याशी काचतो आणि पोटावर येतो. स्वीडनमधीलच प्रा. बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीर पाठीवर रेलून उड्डाणाचा जोर कसा सोसतात ते पाहिले, आणि १९६४ च्या सुमारास मुलाचे तोंड गाडीच्या मागील बाजूस राहील असे आसन घडवून त्याची चाचणी घेतली. यातले मर्म समजून घेण्याजोगे आहे. नवजात अर्भकाचे डोके त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढे असते आणि मान अतिशय कोवळी. तोंड पुढे असेल तर धक्क्यासरशी ते जड डोके पुढे झुकते आणि सारा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर तोच धक्का पाठ, मान व डोके यांवर सारखा वाटला जातो.

म्हणून क्रम असा. जन्मलेले मूल दवाखान्यातून घरी येते त्या पहिल्या प्रवासापासून मागे तोंड असलेले आसन. युरोपातील नव्या नियमानुसार पंधरा महिने पूर्ण होईपर्यंत तरी हे आवश्यक आहे. आसनावर लिहिलेल्या वजन-उंचीच्या मर्यादेत मूल बसते तोवर त्याला असेच बसवावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यानंतर पुढे तोंड असलेले, पाच ठिकाणी पट्टे अडकणारे आसन. तेही लहान पडू लागले की मुलाला उंच करून मोठ्यांचा पट्टा त्याच्या खांद्यावर व कमरेच्या हाडावर नीट आणून देणारी बैठक. हिलाच बूस्टर म्हणतात. मुलाची उंची १३५ ते १५० सेंटिमीटर होईपर्यंत ती काढू नये. वयापेक्षा वजन आणि उंची पाहावी, आणि आसनावर एआयएस-०७२, आर ४४ अथवा आर १२९ यांपैकी मानकाची खूण आहे की नाही ते पाहूनच ते घ्यावे. अपघातात सापडलेले जुने आसन कोणी फुकट दिले तरी घेऊ नये.

आसन असणे निराळे आणि ते नीट वापरणे निराळे. बसविल्यावर पट्टा जेथून जातो तेथे धरून हलवून पाहावे. इंचाहून अधिक हलत असेल तर ते सैल आहे. मुलाच्या खांद्यावरील पट्टा चिमटीत धरता येत असेल तर तोही सैल आहे. पुढील आसनासमोर एअरबॅग असेल तर तेथे मागे तोंड असलेले आसन कदापि ठेवू नये. फुगणारी पिशवीच मुलाचा घात करते. मुलाची जागा मागे. आमच्या जिल्ह्याच्या हवेमुळे आणखी दोन गोष्टी सांगावयास हव्यात. पौष-माघात येथे तेलंगणातील अगदी कडाक्याची थंडी पडते. तेव्हा जाड स्वेटरावरून अथवा दुलईवरून पट्टा बांधू नये. धक्क्यासरशी कापूस दबतो आणि पट्टा ढिला पडतो. आधी पट्टा आवळावा, मग वरून पांघरूण घालावे. वैशाखात उन्हात उभ्या गाडीतील बकल तव्यासारखे तापते. बांधण्यापूर्वी हात लावून पाहावे. आणि ऊन असो वा नसो, बंद मोटारीत मुलाला एकटे सोडून क्षणभरही दुकानात जाऊ नये.

कायदाही आता हेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलास पट्टा अथवा बालआसन यांनी सुरक्षित न करता गाडी चालविणाऱ्यास एक हजार रुपये दंड सांगितला आहे. पण मोठ्यांनीच मागे बसून पट्टा बांधला नाही, तर मुलांनी काय शिकावे? ३ जून २०१४ रोजी दिल्लीच्या शहरी रस्त्यावर गोपीनाथ मुंडे गेले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले. दोघेही मागील आसनावर होते, आणि दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. मागे बसलेल्यास भय नसते ही समजूत किती महागात पडते, याची याहून ठळक उदाहरणे कोणती द्यावीत?

आमच्या अनेक वाचकांकडे मोटार नाही, मोटारसायकल आहे, हे आम्ही जाणतो. टाकीवर लेकरू बसवून बेला-जैनदच्या बाजारास निघालेले बाप आम्ही रोज पाहतो. त्यांच्यासाठीही २०२२ साली केंद्राने नियम केला आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू झाला. चार वर्षांखालील मुलाला चालविणाऱ्याच्या अंगाशी जोडणारा पट्ट्यांचा अंगरखा हवा, नऊ महिन्यांवरील मुलाच्या डोक्यास बसेल असे शिरस्त्राण हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको.

"मूल रडते हो!" असे कोणी म्हणेल. रडेल, लसीच्या सुईलाही रडते, म्हणून आपण लस टाळतो काय? प्रवासाच्या आधी चार दिवस आसन घरातच ठेवावे, त्यात बसवून खाऊ द्यावा, गोष्ट सांगावी. मग ते त्याचे स्वतःचे सिंहासन होते. "परवडत नाही" असेही कोणी म्हणेल. हे आसन काही हजार रुपयांना येते, ही गोष्ट खरी. परंतु बारशाला आजोळचे, काका-मामांचे मिळून चांदीचे वाळे, वाटी, करदोडा येतच असतो. पुढील बारशाला मोटार असलेल्या घरी सर्वांनी मिळून हे एक आसन द्यावे. पेटीत पडून राहणाऱ्या चांदीपेक्षा तो अहेर मोलाचा ठरेल.

राहिला प्रश्न 'बांधण्या'चा. आम्ही मराठीचे शिक्षक. त्या पहाटे 'कैदी' हा शब्द आमच्या तोंडी आला याची आम्हांस अजून लाज वाटते. आपल्याकडे मुलाला बांधणे हे कधी निष्ठुरपणाचे नव्हते. कापूस वेचणारी माउली लेकराला बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत निजविते. डोईवर मोळी घेऊन येणारी बाई त्याला पाठीशी घट्ट बांधते. आणि घोड्यावर स्वार झालेल्या झाशीच्या राणीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे: लोकांच्या स्मृतीतला तिचा दामोदर मांडीवर बसलेला नाही, पाठीशी बांधलेला आहे. जिला दौडत जावयाचे होते, तिने मुलाला हातांच्या भरवशावर सोडले नाही.

पुढील वसंतपंचमीस आम्ही पुन्हा बासरला गेलो. या खेपेस आसन आम्ही स्वतः मागे बसविले, हलवून पाहिले, आणि सूनबाईला म्हणालो, "तू एकदा बघून घे." तिने पाहिले, एक पट्टा थोडा आवळला, आणि हसली. बहीण एसटीने पुढे गेली होती. घाटातल्या त्या वळणावर चिरंजिवांनी वेग कमी केला. आम्ही मागे वळून पाहिले, तर नातू मान एका बाजूस टेकून गाढ झोपला होता. बासरला पोहोचल्यावर बकल सोडले, त्याला उचलून घेतले, आणि देवीपुढे बसल्यावर मांडीवर बसवून त्याचा हात धरून तांदळात अक्षर गिरविले. मांडीची जागा ती. तेथे ती कोणी हिरावून घेत नाही.