कॅमेऱ्याचे तळदार

भोपाळला पाहुणे आले की त्यांना भीमबेटका दाखविणे हा आपल्या मराठी घरांचा परिपाठच होय. १९५७ साली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांनी उजेडात आणलेली तेथील शैलचित्रे पाहून कोणालाही छायाचित्राचा मोह व्हावा. परंतु खडकांच्या आडोशाला प्रकाश मंद; म्हणून रीतसर परवानगी काढून कॅमेरा तिपाईवर बसवावा, चौकट जुळवावी, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी संपावी!

डिजिटल कॅमेऱ्यांत बॅटरी बहुधा मुठीत उभी असते, त्यामुळे तिचे दार तळाशी येते. तिपाईची पट्टी आड आली की कॅमेरा उतरवावा लागतो व जुळविलेली चौकट मोडते. मोठ्या कॅमेऱ्यांत कार्डाची खाच बहुधा कुशीला असल्याने कार्ड तरी जागेवर बदलता येते. लहान कॅमेऱ्यांत पुष्कळदा दोन्ही एकाच तळदाराआड असतात.

ही तळाची सवय जुनी आहे. १९२५ च्या लायकात तळपट्टी काढून फिल्म भरीत. २००६ साली लायकाचा ‘एम ८’ डिजिटल झाला. फिल्म गेली, तरी बॅटरी व कार्ड त्याच पट्टीआड राहिले. ती पट्टी २०२२ च्या ‘एम ११’ मध्ये गेली. कार्डाची खाच मात्र बॅटरीमागेच राहिली.

तेव्हा कॅमेरा घेताना भिंगाइतकेच दारांकडेही लक्ष द्यावे. तिपाईची पट्टी लावून दुकानातच दार उघडून पाहावे. दूरवरून आलेल्या आजोबांचे नातवंडांसह छायाचित्र घेण्याचा क्षण दार उघडेपर्यंत थांबत नाही.