डॉटच्या पुढचा जिल्हा

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि आमगाव, देवरी, तिरोड्याच्या लोकांचा पत्ता घर न हलवता बदलला. पत्रे तरीही पोचत राहिली, कारण पोस्टमन ओळखीचा होता. इंटरनेटवर ही सोय नाही. युगोस्लाव्हिया फुटला आणि त्याचे ‘डॉट वाययू’ २०१० मध्ये कायमचे मिटले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या अनेकांची ‘डॉट ईयू’ नावे गेली. डॉटच्या पुढची दोन-तीन अक्षरे शोभेची नसतात. तिथे राज्य कुणाचे, हे ती सांगतात.

घराण्याच्या नावाने ई-मेल हवा असेल तर आधी हे पाहावे. मुलगी पुण्यात, मुलगा नागपुरात, आईवडील गोरेगाव तालुक्यात; सगळ्यांचे पत्ते एकाच आडनावाचे असले तर बरेच वाटते. पण खरा फायदा वेगळा आहे. मेल पाठवणारा सर्व्हर पत्ता शेवटाकडून शोधतो: आधी ‘इन’ कोण सांभाळते, मग त्यातले तुमचे नाव, आणि शेवटी त्या नावाची ‘एमएक्स’ नोंद, म्हणजे डाक कोणत्या यंत्रावर उतरवायची ते. ही नोंद बदलली की मेल सांभाळणारी कंपनी बदलते, पत्ता मात्र तोच राहतो. केंद्र सरकारने अलीकडे आपली मेलव्यवस्था झोहोकडे नेली, तरी कर्मचाऱ्यांचे पत्ते ‘जीओव्ही डॉट इन’चेच राहिले.

मग घ्यावे कोणते? माझे मत सरळ ‘डॉट इन’ला. एकेकाळी त्याचा कारभार मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून चाले आणि नाव मिळवणे जिकिरीचे असे. २००५ पासून ते निक्सी या संस्थेच्या देखरेखीखाली सर्वांना खुले झाले. व्यक्तींसाठी ‘आयएनडी डॉट इन’ही आहे, पण फोनवर सांगताना समोरचा मधला तुकडा हमखास गाळणार. ‘डॉट कॉम’ भक्कम आहे. फक्त पटले, बिसेन, रहांगडाले अशी गावोगावची आडनावे तिथे मोकळी मिळणे अवघड. ‘एक्सवायझेड’सारख्या नव्या शेपट्या पहिल्या वर्षी स्वस्त असतात, नूतनीकरणाचा दर मात्र आधी वाचावा. शिवाय स्वस्त नावे स्पॅमवाल्यांनाही आवडतात, त्यामुळे अशा पत्त्यावरून गेलेल्या मेलकडे गाळण्या संशयाने पाहतात.

‘डॉट भारत’ २०१४ मध्ये देवनागरीत आले. गोंदियाच्या रोमन स्पेलिंगात शेवटी ‘आयए’ की ‘वायए’, हा घोळ तिथे उरत नाही. आतून मात्र यंत्र ‘भारत’ला ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असेच ओळखते. जीमेल देवनागरी पत्त्यांशी पत्रव्यवहार करते. अनेक ऑनलाइन अर्ज मात्र असा पत्ता चुकीचा म्हणून परत करतात. हौसेने जोडीला घ्यावे, बँकेत देऊ नये.

कोणतेही घ्या, डोमेनचे नाव कायमचे विकत मिळत नाही. एका वेळी फार तर १० वर्षांसाठी नोंदवता येते. मुदत चुकली तर दुसरा कुणी ते घेऊ शकतो, आणि मग पासवर्ड बदलण्याच्या तुमच्या लिंक त्याच्याकडे जाऊ लागतात. म्हणून खात्याची किल्ली घरातल्या दोघांकडे असावी, आणि नूतनीकरणाची सूचना त्याच डोमेनच्या मेलवर मागवू नये: डोमेन बंद पडले की तीही पोचत नाही.