एका टेम्पोमागे साडेसतरा एकर

भारत वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल जाळतो. एवढा मोठा आकडा नुसता वाचून डोक्यात काही शिरत नाही, म्हणून तो फोडून बघू. ९ कोटी टन म्हणजे साधारण १०,८०० कोटी लिटर, म्हणजेच सेकंदाला ३,४०० लिटर. बारा हजार लिटरचा टँकर साडेतीन सेकंदांत रिकामा, लगेच पुढचा, आणि असं रात्रंदिवस, वर्षभर.

२०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३०पर्यंत या डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं ठरवलं. पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर पोचलंय, पण बायोडिझेलची गाडी एका टक्क्याच्या अलीकडेच अडकलेली आहे. का, ते समजायला सगळ्या देशाचा पसारा बाजूला ठेवून एकच टेम्पो धरू.

२००५मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे नाक्यानाक्यावरचा ‘छोटा हत्ती’. मूळ गाडीचं इंजिन ७०२ सीसीचं, दोन सिलिंडरचं, १६ अश्वशक्तीचं. पाऊण टन माल नेणारी आणि स्वतः टनाच्या आत वजन असलेली ही गाडी. आता पेट्रोल, सीएनजी आणि बॅटरीवरही मिळते. आपण डिझेलवाली घेऊ. दिवसाला १०० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, लिटरला २० किलोमीटर असं धरलं तर वर्षाला १,५०० लिटर डिझेल लागतं. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो (इंधनाचं वजन जेमतेम ८३० ग्रॅम, बाकीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं). म्हणजे टनाच्या आतली ही गाडी वर्षाला चार टन कार्बन डायऑक्साइड सोडते.

आता तिला शुद्ध बायोडिझेलवर चालवू. लिटरमागे ऊर्जा आठेक टक्क्यांनी कमी, म्हणून १,५००ऐवजी १,६२० लिटर लागेल. त्याचं वजन सव्वाचौदाशे किलो. १०० किलो तेलात सुमारे ११ किलो मिथेनॉल घालून प्रक्रिया केली की जवळपास १०० किलो बायोडिझेल मिळतं आणि उरलेलं ग्लिसरीन. म्हणजे तेलही तेवढंच, सव्वाचौदाशे किलो हवं. (मिथेनॉल आपण बहुतांशी आयात करतो आणि ते बनतं नैसर्गिक वायूपासून. ‘शंभर टक्के हिरवं’ असं छापण्यापूर्वी हे ११ किलो आठवावेत.)

हे तेल सोयाबीनमधून काढायचं म्हटलं तर? हेक्टरी दहा क्विंटल उतारा आणि २० टक्के तेल धरलं तर हेक्टरला २०० किलो तेल. एका टेम्पोला सात हेक्टर, म्हणजे साडेसतरा एकर. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातल्या खातेदाराची सरासरी जमीन १.३४ हेक्टर आहे. पाच शेतकऱ्यांचा सगळा खरीप एका छोट्या हत्तीच्या टाकीत! पेंड उरते, ती वाया जात नाही, हे खरं. पण जमीन मात्र अडकतेच.

देशाचं सगळं डिझेल याच हिशेबाने काढायचं तर ५१ कोटी हेक्टर लागतील. भारताचं अख्खं क्षेत्रफळ, हिमालय आणि थरचं वाळवंट धरून, ३३ कोटी हेक्टरच्या आत आहे. नुसत्या ५ टक्क्यांनाही सव्वादोन कोटी हेक्टरांहून अधिक, म्हणजे महाराष्ट्राचा तीन-चतुर्थांश भूभाग जाईल. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं खरं. पण तिथे इंजिन एक होतं.

पडीक जमिनीवर मोगली एरंड लावण्याचा घाट २००३मध्ये नियोजन आयोगाने घातला, तोही एक कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर. झुडूप पडिकात तगतं, यात खोटं काही नव्हतं. पण पाणी आणि खत मिळाल्याशिवाय ते पुरेसं बी धरत नाही, आणि पाणी-खत द्यायचंच तर शेतकरी एरंडाला कशाला देईल?

मग उरतं ते कढईतलं. तळून तळून काळं झालेलं तेल गोळा करून बायोडिझेलला द्यायचं, अशी मोहीम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८मध्ये सुरू केली. त्यांचं उद्दिष्ट होतं २२० कोटी लिटरचं. देशाच्या डिझेलपुढे हे दोनच टक्के. पण आपल्या टेम्पोच्या मापाने मोजलं तर यावर साडेतेरा लाख छोटे हत्ती वर्षभर पूर्णवेळ पळतील. रोज दोन लिटर तेल टाकून देणारे तीन वडेवाले मिळून एक टेम्पो. अडचण तेलाच्या साठ्याची नाही, ते गोळा करण्याची आहे: वापरलेल्या तेलाला आणखी छोट्या गाडीवर गिऱ्हाईक मिळतं, आणि तिथे ते पुन्हा तळायला जातं.

मला मात्र या गणितातला इंधनाच्या प्रकाराशी संबंध नसलेला आकडा जास्त बोचतो. भरलेला छोटा हत्ती एक टन माल एक किलोमीटर न्यायला ६७ मिलिलिटर डिझेल पितो. लिटरला चार किलोमीटर जाणारा २५ टनी ट्रक त्याच कामाला १० मिलिलिटर घेतो. आणि टेम्पो वाशीच्या मार्केटातून माल टाकून रिकामा परतला, तर त्याचे ६७ जवळजवळ दुप्पट होतात. वापरलेल्या तेलाचं २० टक्के बायोडिझेल मिसळून उत्सर्जन साधारण १५ टक्क्यांनी उतरतं. रिटर्न भाडं मिळालं तर ते, त्याच साध्या डिझेलवर, मालाच्या प्रत्येक टनामागे जवळपास निम्म्यावर येतं.