ताप भाजल्याचा की जंतूंचा?

मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णाला ताप येतो, नाडी धावते, पांढऱ्या पेशी वाढतात. रक्तात जंतू शिरलेले नसले तरीही. मग संसर्ग झाला हे ओळखायचं कसं? रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू वाढून त्यांची ओळख पटायला एक-दोन दिवस सहज जातात. स्यूडोमोनाससारखा जंतू एवढी सवड देत नाही. पीसीआर चाचणी जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा कोट्यवधी पटींनी वाढवते आणि काही तासांत नाव सांगते. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये ‘मेकए’ जनुक सापडलं, की मेथिसिलिनसारखी औषधं चालणार नाहीत हे तेव्हाच कळतं. भाजलेल्या माणसासाठी हे तास फार मोलाचे! मात्र मेलेल्या जंतूचा डीएनएही पीसीआर पकडते आणि तिच्या ठरलेल्या यादीबाहेरचा जंतू तिला दिसतच नाही. म्हणून कल्चर सोबत हवंच. औषधाची किती मात्रा जंतूला रोखते, हे तेच दाखवतं.