टेललाइट चमकवा, काळी करू नका

लग्नसराई किंवा ईद जवळ आली की बीडच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत जुन्या गाड्यांची रांग लागते. या कामात आपल्या समाजातली बरीच मुले आहेत आणि त्यांच्या हातात हुन्नर आहे. अलीकडे त्यांच्यापुढे एक मागणी हमखास येते : "उस्ताद, मागच्या लाइटी काळ्या करून द्या, पण काचेसारखी चमक आली पाहिजे."

चमक कशी येते ते आधी पाहू. टेललाइटचे आवरण काचेचे नसून बहुधा ॲक्रिलिक प्लॅस्टिकचे असते. ऊन आणि धूळ लागून ते निस्तेज होते. ते थिनरने किंवा पेट्रोलने पुसू नये, बारीक तडे जातात. साबणाच्या पाण्याने धुवावे, भोवतीच्या पत्र्याला मास्किंग टेप लावावी आणि ८००, मग १००० नंबरचा पॉलिश पेपर पाणी सोडत फिरवावा. आवरण पांढुरके दिसू लागले तरी घाबरू नये. क्लिअर कोट बसला की ते पुन्हा पारदर्शक होते.

क्लिअर कोटचा पहिला हात अगदी हलका द्यावा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा, थोडा ओलसर. घाईने एकच जाड थर दिला तर ओघळ येतात. मे महिन्याच्या उन्हात फवारा पसरण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. पावसाळ्यात पांढरी झाक येते. म्हणून कोरड्या दिवशी, सकाळी, सावलीत काम करावे. हार्डनर मिसळलेल्या कोटचा फवारा फुफ्फुसांना घातक असतो. त्याला रुमाल पुरत नाही, फिल्टरचा मास्क लागतो. लहान मुलांना दूर ठेवावे. कोट पूर्ण सुकल्यावर २००० च्या पेपरने हलके घासून रबिंग कंपाउंड फिरवले की मनासारखी चमक येते.

यात काळा रंग कुठेच लागला नाही. चमक येते ती गुळगुळीतपणातून. काळा थर फक्त प्रकाश खातो. निम्मा प्रकाश अडवणारा थर दिला तर दिवा निम्मा होतो, पण त्यातला रिफ्लेक्टर चौथाईच उरतो, कारण मागच्या गाडीचा प्रकाश आत जातानाही अडतो आणि परततानाही. दिवे बंद करून रस्त्याकडेला उभी केलेली गाडी मग दिसणार कशी?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. हा आकडा उगाच नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणाऱ्याला १५५ मीटर कापायला सात सेकंद लागतात. तोच दिवा ४० मीटरवर दिसला तर हातात दोन सेकंदही राहत नाहीत. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही.

आपल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली कुटुंबे बायकामुलांसह ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून रात्रीचा प्रवास करतात. मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात अचानक समोर आल्यावर छातीत धस्स झाले नाही, असा चालक बीडमध्ये क्वचितच सापडेल. ज्यांच्याकडे दिवा नाही त्यांची मजबुरी समजते. पण कंपनीने दिलेला चांगला दिवा आपण पैसे मोजून विझवायचा, याला काय म्हणावे?

रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा एक भाग आहे, अशी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आपण मुलांना सांगतो. रस्त्यावरचा काटा उचलणाऱ्याने स्वतःच्या गाडीचा अंधार रस्त्यावर सोडू नये. कारागीर भावांनीही गिऱ्हाइकाला नम्रपणे नाही म्हणावे आणि त्याच पैशात चमक करून द्यावी. मजुरी बुडणार नाही, दुआ मात्र मिळेल.

आज इशाच्या नमाजनंतर एक करून पाहा. मोकळ्या जागी गाडीचे दिवे लावून मागे दोनशे पावले चालत जा आणि वळून बघा. लाल दिवा ठळक दिसला तर अल्हम्दुलिल्लाह. नाही दिसला, तर सकाळी पहिले काम तेच.